निःशेष छेदन : त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रुग्णाची तयारी

त्वचेवर काही उठले की आपल्याकडचा माणूस प्रथम औषधाच्या दुकानात जाऊन मलम मागतो. त्याने गुण आला नाही तर वैद्याकडे येतो आणि तेथेही निराशा झाली म्हणजे शहरातील रुग्णालयाची पायरी चढतो. या क्रमात जे महिने जातात ते गजकर्णात अथवा विचर्चिकेत गेले तर फारसे बिघडत नाही. त्वचेच्या कर्करोगात मात्र त्या महिन्यांचा हिशेब शेवटी शस्त्रक्रियेच्या जखमेच्या आकाराने चुकवावा लागतो. हा रोग पाश्चात्य देशांतील गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे पुष्कळच कमी आढळतो आणि म्हणूनच तो आपल्या मनात लवकर येत नाही. प्रस्तुत लेखात या रोगाची शस्त्रक्रिया कशी होते, रुग्णाला तिच्यात काय काय सोसावे लागते आणि त्या आधी व नंतर वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, काय करू नये, याचा विचार करण्याचे योजिले आहे. शस्त्रक्रिया आपण करीत नाही हे खरे. तथापि ती करून घ्यावी की नाही, हे विचारण्यास रुग्ण आपल्याकडेच येतो.

प्रथम आमची चूक सांगतो. २०१८ साली पन्नाशीच्या एक शेतकरी बाई उजव्या पोटरीवरील व्रण दाखविण्यास आल्या. लहानपणी उकळते पाणी सांडून पोटरी भाजली होती व तेथे पांढुरका, ताणलेला जुना वण होता. त्या वणावर वर्षभरापासून एक चीर पडली होती. ती भरे आणि पुन्हा उघडे. आम्ही दुष्टव्रण असे निदान केले. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाची पट्टी व पोटात गुग्गुळ कल्प असा क्रम ठेवला. महिन्याभरात स्राव कमी झाला, बाईंना बरे वाटले, आम्हालाही समाधान वाटले. कडा मात्र उंच व कठीण होत चालल्या होत्या. त्यांना उत्सन्न मांस समजून आम्ही क्षाराने लेखन केले, आणि तेही एकदा नव्हे, तीन वेळा. चार महिन्यांनी व्रण फुलकोबीच्या गड्ड्यासारखा उगवून आला, स्पर्श करताच रक्त वाहू लागले, दुर्गंध सुटला. तेव्हा कोठे आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकांकडे पाठविले. तुकडा काढून तपासला गेला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील खवल्यासारख्या पेशींचा कर्करोग, असा अहवाल आला. जांघेत एक कठीण गाठही लागत होती.

भाजल्याच्या जुन्या वणात कर्करोग होतो ही गोष्ट वैद्यकात नवी नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये वणातील अशा व्रणांचे वर्णन केले व आजही त्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात. भाजणे व कर्करोग यांत बहुधा कित्येक दशकांचे अंतर असते. त्यामुळे रुग्णाला संबंध सुचत नाही आणि आपण विचारीत नाही. उन्हाने होणाऱ्या त्वचाकर्करोगापेक्षा हा प्रकार अधिक उग्र असून लसिकाग्रंथींत पसरण्याचा त्याचा कल अधिक असतो. हे सारे आम्ही अभ्यासक्रमात वाचलेले होते. समोर व्रण आल्यावर ते आठवले नाही.

कोणता व्रण थांबू देऊ नये

आपल्या प्रदेशात त्वचेचा कर्करोग ज्या जागी व ज्या रूपात भेटतो, ती रूपे पुस्तकांतील गोऱ्या रुग्णांच्या छायाचित्रांहून निराळी आहेत. भाजल्याचा वण, वर्षानुवर्षे वाहणारा पायावरचा व्रण, हाडाच्या जुन्या पूयविकाराचे नाडीव्रणाचे तोंड, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाचा व्रण, या जागा प्रथम ध्यानात ठेवाव्यात. कमरेची जागा हीही त्यांतलीच. धोतर घट्ट नेसण्याने कमरेवर जेथे सतत घर्षण होते तेथे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन मुंबईचे सुप्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे परकराची नाडी एकाच जागी आवळून बांधणाऱ्या स्त्रियांतही तसेच रुग्ण नोंदले गेले. नाडीच्या काळ्या पट्ट्यावर चट्टा येऊन तो फाटू लागला, तर तेथे केवळ खाजेचे मलम देऊन भागणार नाही.

चेहऱ्यावरील बेसल सेल कार्सिनोमा गोऱ्या कातडीवर मोत्यासारखा चमकतो, आपल्या वर्णावर मात्र तो बहुधा काळसर असतो व तीळ म्हणून खपून जातो. नाकाची बाजू, डोळ्याचा आतला कोपरा, गालाचा वरचा भाग ही त्याची आवडती स्थाने होत. तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो, मधोमध खपली धरतो, खपली पडली की थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरतो. दुखत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तिसरा प्रकार मेलानोमा. हा सर्वांत घातक. आपल्याकडे तो बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली येतो. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून त्यावर कुरूपाच्या पट्ट्या लावल्या जातात. औषधविक्रेते बंधूंना येथे एकच विनंती आहे. कुरूपाची पट्टी मागणाऱ्याला तळपाय दाखविण्यास सांगावे. डाग काळा असेल, वाढत असेल, वा त्यातून रक्त येत असेल तर पट्टी विकू नये. त्याचप्रमाणे नखाखालील काळी रेघ मार लागल्याची असेल तर नखाबरोबर पुढे सरकते. सरकत नसेल आणि रुंद होत असेल तर ती दाखविलीच पाहिजे.

तळहात-तळपायांवर बारीक कठीण दाणे व अंगावर पांढरे-काळे ठिपके असलेला वयस्क रुग्ण आला तर सोमलाचा इतिहास विचारावा. दीर्घकाळ अल्प मात्रेत पोटात गेलेला सोमल त्वचेचा कर्करोग उत्पन्न करतो हे निर्विवाद आहे. बंगालमधील विहिरींच्या पाण्याने ते पुन्हा सिद्ध केले. गौरीपाषाण, हरताळ, मनःशिला ही द्रव्ये औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या सूचीत आहेत आणि त्यांचे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावेत अशी सूचना वेष्टनावर असते. ती केवळ छापण्यासाठी नाही. एकाच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे मल्लकल्प देत राहण्याची काही दुकानांतील प्रथा आम्हाला मान्य नाही.

तीन महिने योग्य उपचार करूनही न भरणारा, अथवा भरून पुन्हा पुन्हा उघडणारा, कडा उंच व कठीण असलेला कोणताही व्रण तुकडा तपासून घेतल्यावाचून पुढे चालवू नये, असा नियम आम्ही २०१८ नंतर स्वतःस घालून घेतला आहे. संशय असलेल्या जागी क्षार, अग्निकर्म वा जलौकावचारण करू नये. क्षाराने वरचा भाग जळून जातो, खाली रोग तसाच राहतो आणि वरून वण धरल्यामुळे तो दिसेनासा होतो. शिवाय तपासणीस पाठविलेल्या तुकड्यात दाह व मृत मांस येऊन विकृतिशास्त्रज्ञाचेही काम अवघड होते.

सुरी लावली की पसरते काय?

आमच्या त्या बाईंनी जिल्ह्याला जाण्यापूर्वी हाच प्रश्न विचारला. "डॉक्टर, सुरी लावली की हे समद्या अंगात पसरतं म्हणत्यात. खरं हाय का?" हा समज महाराष्ट्रात घरोघर आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. त्याच्या मागे अनुभव आहे. रोगी उशिरा गेला, गाठ अर्धवट निघाली, सहा महिन्यांत ती दुप्पट वेगाने उगवली, हे ज्या घराने पाहिले ते घर सुरीलाच दोष देणार. दोष सुरीचा नसतो. जे शिल्लक राहिले त्याचा असतो.

आपल्या संहितेने हे फार स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन खोल मूळ असलेला, सावकाश वाढणारा, न पिकणारा मांसोपचय असे येते. चिकित्सास्थानातील अठराव्या अध्यायात सुश्रुताचार्य बजावतात की दोष शेष ठेवून काढलेले अर्बुद लवकरच पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, कारण उरलेला अंश उरलेल्या अग्नीप्रमाणे घात करतो. आजच्या प्रत्येक त्वचाकर्करोगाला अर्बुद हे नाव चिकटवावे असे आम्ही म्हणणार नाही. अशी जोडाजोड सोयीची असते, पण व्रणरूपाने वाढणारे कर्करोग संहितेत असाध्य व्रणांच्या वर्णनाशीही जुळतात. निःशेष छेदनाचा सिद्धान्त मात्र दोन्ही शास्त्रांत एकच आहे. रुग्णाला तो सांगताना आम्ही हरळीचे उदाहरण देतो. शेतातली हरळी वरून कापली तर चौपट येते, मुळासकट आणि भोवतीच्या ढेकळासकट खणली तरच जाते. शेतकऱ्याला याहून अधिक सांगावे लागत नाही.

भोवतीचे ढेकूळ म्हणजेच आजच्या शल्यचिकित्सकांची कड, ज्याला ते मार्जिन म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या रोगाच्या सीमेपलीकडे निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते, कारण रोगाचे तंतू दिसत नाहीत अशा जागी पोचलेले असतात. लहान व सौम्य बेसल सेल कार्सिनोमात ही कड साधारण ४ मिलिमीटर ठेवतात, सौम्य स्क्वॅमस सेल कार्सिनोमात ४ ते ६ मिलिमीटर व उग्र प्रकारात त्याहून अधिक. भाजल्याच्या वणातील कर्करोगात ती २ सेंटिमीटर वा अधिकही ठेवावी लागते. मेलानोमात कड ठरते ती त्याच्या जाडीवरून. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरहून अधिक असेल तर २ सेंटिमीटर, आणि दोहोंच्या मध्ये असेल तर १ ते २ सेंटिमीटर. ही जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची रीत ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये घालून दिली. यासाठीच मेलानोमाचा संशय असता शक्यतो संपूर्ण डागच थोड्या कडेसह काढून तपासतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात जाडी कळत नाही.

क्षारावर श्रद्धा असलेल्या आपणा सर्वांना एक इतिहास माहीत असणे उपयुक्त आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात त्वचेच्या कर्करोगावर झिंक क्लोराइडचा लेप लावण्यास प्रारंभ केला. त्या लेपात अँटिमनीचे खनिज व एका वनस्पतीच्या मुळाचे चूर्णही असे. वरून पाहता तो आपल्या क्षारलेपाचा भाऊच. परंतु मोह्ज यांचे वैशिष्ट्य लेपात नव्हते. लेपाने जागच्या जागी घट्ट झालेले मांस ते पातळ चकतीच्या रूपात काढीत, तिचा तळ व सर्व कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, जेथे रोग दिसे तेवढ्याच जागी पुन्हा लेप लावीत आणि रोग संपेपर्यंत हे चालवीत. ही पद्धती त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे लेप गळून पडला. आज हे काम ताज्या मांसावर, जागा बधिर करून एका दिवसात करतात. सूक्ष्मदर्शक मात्र राहिला. नाक, पापणी, कान अशा जागी, जेथे एक मिलिमीटर त्वचाही मोलाची असते, तेथे ही पद्धती श्रेष्ठ मानली जाते. आपल्याकडे ती थोड्याच मोठ्या केंद्रांत उपलब्ध आहे. लेप लावून कर्करोग "खेचून काढण्याचे" दावे करणाऱ्यांनी या इतिहासाचा अर्धाच भाग उचललेला असतो. शिवाय कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय या कायद्याने निषिद्ध आहे. दुकानाच्या भिंतीवर असा फलक लावू देणारा विक्रेताही त्यातून सुटत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी व त्यानंतर

लहान कर्करोगाची शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते. रुग्ण जागा असतो. बधिरतेच्या सुईची आग मिनिटभर होते, त्यानंतर दाब व ओढ जाणवते पण वेदना नसते. ही एवढी गोष्ट आधी सांगितली तरी रुग्णाची निम्मी भीती जाते, असा अनुभव आहे. दुसरी गोष्ट आवर्जून सांगावी ती जखमेच्या आकाराची. मुगाएवढी गाठ काढायला गेलेला मनुष्य बोटभर लांबीचे टाके घेऊन बाहेर येतो आणि त्याला आपण फसलो असे वाटते. वस्तुतः कड ठेवून गोल भाग काढल्यावर कातडी सुरकुती न पडता सरळ मिटावी म्हणून छेद होडीच्या आकाराचा घेतात व त्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट होते. चेहऱ्यावरील टाके ५ ते ७ दिवसांत, धडावरील १० ते १४ दिवसांत व पायावरील सुमारे दोन आठवड्यांनी काढतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. दोन आठवड्यांच्या वणात मूळ त्वचेच्या बळाचा अल्प अंशच असतो. तो बळकट होण्यास तीन महिने लागतात, आणि पूर्वीइतका तो कधीच होत नाही. शेतावर लगेच खुरपणीस जाणाऱ्या रुग्णाला हे खडसावून सांगावे लागते. वण सहा महिने ते वर्षभर लालसर राहतो. भोवतालची जागा काही महिने बधिर राहणेही स्वाभाविक आहे.

जखम मोठी असेल तर कातडी दुसरीकडून आणावी लागते. मांडीवरून पातळ पापुद्रा घेऊन तो जखमेवर बसविणे यास त्वचारोपण म्हणतात. येथे रुग्णाला हमखास आश्चर्य वाटते ते हे की रोपणाच्या जागेपेक्षा मांडीच अधिक दुखते. मांडी गुडघा खरचटल्यासारखी झोंबते व सुमारे दोन आठवड्यांत आपोआप भरते. ती पट्टी मध्येच ओढून काढू नये. रोपण केलेली जागा बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास प्रथम उघडतात. तोवर पाय उंच व स्थिर ठेवणे हेच औषध. नवी त्वचा आधी जांभळट, मग गडद, खळगा पडलेली, अशी दिसते. तिला घाम नाही, स्निग्धता नाही, म्हणून ती भरून पक्की झाल्यावर आयुष्यभर तेल लावावे लागते. हे काम आपले. मात्र केव्हापासून, ते शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच सांगावे.

चेहऱ्यावर शेजारची कातडी देठासह वळवून आणतात, त्यास फ्लॅप म्हणतात. आमच्या परिचयातील एका निवृत्त गुरुजींच्या नाकपुडीवरील बेसल सेल कार्सिनोमा पुण्यात काढण्यात आला आणि कपाळावरील कातडी वळवून नाक दुरुस्त केले गेले. सुमारे तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा देठ लोंबत राहतो व मग तो कापतात. ते तीन आठवडे फार कठीण असतात. गुरुजींनी घरातले आरसे झाकून ठेवविले होते, कारण पूर्वी कोणीच त्यांना हे सांगितले नव्हते. आम्ही त्यांना पुण्याचीच गोष्ट सांगितली. टिपू सुलतानाच्या लोकांनी नाक कापलेल्या, इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक एका विटा पाडणाऱ्या कारागिराने याच रीतीने पुण्यात बसविले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला, तो वाचून तेथील कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि तेथून ती साऱ्या युरोपात गेली. सुश्रुताचार्यांनी गालाची कातडी वळविण्याचे सांगितले आहे, कपाळाची रीत नंतरच्या परंपरेतली. "म्हणजे आमचंच आम्हाला परत मिळालं म्हणा," असे गुरुजी म्हणाले आणि आरशावरचे फडके त्यांनी त्या दिवशी काढले.

फ्लॅपमध्ये रक्त साकळू लागले तर आजही काही रुग्णालयांत जळवा लावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यास मान्यता दिली आहे. आपल्याला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. मात्र ते काम रुग्णालयातच, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषधे देऊन करतात. आपण घरी जाऊन करण्याचे ते नव्हे.

मेलानोमात व उग्र स्क्वॅमस सेल कार्सिनोमात लसिकाग्रंथींचाही विचार करावा लागतो. मेलानोमात पहिली ग्रंथी शोधण्यासाठी बहुधा निळे रंजक टोचतात. पुढे दिवसभर लघवी हिरवट-निळी होते. हे न सांगितल्यास घरचे लोक मध्यरात्री आपल्याला दूरध्वनी करतात. ग्रंथींत रोग सापडला तर काही रुग्णांत त्या भागातील ग्रंथी काढाव्या लागतात आणि त्यानंतर हात वा पाय सुजण्याचा संभव आयुष्यभर राहतो. ज्यांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसणारी नसते त्यांच्यासाठी किरणोपचाराचा मार्ग असतो. तो येथे विस्ताराने सांगत नाही.

वैद्याने पाठविताना काय लिहावे

रुग्णाबरोबर जी चिठ्ठी द्यायची तीत व्रण केव्हापासून आहे, त्यावर काय काय लावले, क्षार वा अग्नी वापरला असल्यास केव्हा, हे सर्व प्रामाणिकपणे लिहावे. संकोचाने आपण ते लिहीत नाही आणि नुकसान रुग्णाचे होते. पोटात चालू असलेल्या औषधांची नावे द्यावीत. गुग्गुळ, लशुन, सुंठ यांचे कल्प रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एक ते दोन आठवडे शल्यचिकित्सकाला विचारून थांबवावेत. हृदयरोग्याची रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. त्यात प्राणाचा धोका आहे. मधुमेह आटोक्यात आणावा. तंबाखू, मिश्री व विडी बंद करावी, कारण तंबाखूने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व रोपण वा फ्लॅप काळा पडतो. मिश्री घासणाऱ्या बायका "आम्ही तंबाखू खात नाही" असे सांगतात, म्हणून मिश्रीविषयी वेगळे विचारावे.

परत आल्यावर ताज्या टाक्यांवर हळद, तूप, मध, कोणताही लेप लावू नये. ही द्रव्ये व्रणात गुणकारी नाहीत असे आमचे म्हणणे नाही, परंतु शिवलेली स्वच्छ जखम हा दुष्टव्रण नव्हे आणि तिला शोधन-रोपणाची गरज नसते. लाली पसरणे, पू, ज्वर, वाढती वेदना दिसली तर त्याच दिवशी परत पाठवावे.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांनी येणारा विकृतिशास्त्राचा अहवाल. तो रुग्णाच्या पिशवीत घडी घालून पडलेला असतो व पुष्कळदा कोणी वाचलेला नसतो. त्यात कडा रोगमुक्त आहेत काय, ही एक ओळ शोधावी. बाजूची कड व तळाची कड अशा दोन्हींचा उल्लेख असावा. कडेवर रोग असल्याचे लिहिले असेल तर जखम कितीही सुरेख भरलेली असो, रुग्णाला पुन्हा पाठविलेच पाहिजे. येथे रुग्ण विरोध करतो, "बरं झालंय की!" म्हणतो, आणि नेमके येथेच आपले शब्द उपयोगी पडतात. खर्चाचा प्रश्न आल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, हे सांगून शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर नेण्यास सांगावे.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा परत येण्याचा काळ मुख्यत्वे पहिली दोन वर्षे. त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी जागा, तिच्या आसपासची त्वचा व संबंधित लसिकाग्रंथी हाताने तपासाव्यात. हे काम तालुक्याच्या वैद्याला सहज करता येते आणि शहरातील रुग्णालयाला ते जमत नाही, कारण रुग्ण तेथे परत जातच नाही.

आमच्या बाईंची पोटरी मोठ्या कडेसह काढून तेथे मांडीची त्वचा बसविण्यात आली. जांघेतील ग्रंथी काढल्या, त्यांपैकी एकीत रोग होता. पाय वाचला. तो संध्याकाळी सुजतो, म्हणून त्या दिवसभर पट्टा बांधतात आणि रोपणाच्या जागेवर रोज रात्री खोबरेल लावतात. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, आता वर्षातून दोनदा, त्या चिकित्सालयात येतात. आम्ही पोटरी पाहतो, दोन्ही जांघा चाचपतो व वहीत तारीख घालतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर, क्षारलेखनाच्या तीन तारखा तशाच आहेत.